जुन्या मोटरहोममधला निकामी कन्व्हर्टर : बदल नेमका कशाचा?

अमेरिकेतील मोटरहोम म्हणजे चाकांवरचे फिरते घर, आणि या घरात एकाच वेळी दोन वेगळ्या वीजव्यवस्था नांदत असतात. पहिली १२० व्होल्टची, म्हणजे अमेरिकी घरांतल्यासारखी प्रत्यावर्ती धारेची (एसी), जी मुक्कामाच्या तळावरील खांबाला केबल जोडल्यावर किंवा गाडीतला जनरेटर चालू केल्यावरच मिळते. दुसरी १२ व्होल्टची, दिष्ट धारेची (डीसी), जी बॅटरीतून येते आणि गाडी कोठेही उभी असली तरी चालू राहते. या दोहोंमधला दुवा म्हणजे कन्व्हर्टर. तो १२० व्होल्टची वीज घेऊन १२ व्होल्टची उपकरणे चालवतो आणि त्याच वेळी घरातल्या बॅटरीला चार्जही करतो. महाराष्ट्रातील वाचकाला भारनियमनाच्या काळापासून घरोघरी आलेला इन्व्हर्टर ठाऊक असतो, आणि नावातल्या सारखेपणामुळे दोहोंत गल्लत होते. वस्तुतः इन्व्हर्टर बॅटरीतल्या डीसीची एसी करतो, तर कन्व्हर्टरचे काम नेमके त्याच्या उलट आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या पेटीत बॅटरी चार्ज करणारा जो भाग दडलेला असतो, तोच भाग वेगळा काढून मोठा केला तर मोटरहोममधल्या कन्व्हर्टरच्या बराच जवळ जातो.

हा एक डबा बिघडला की काय काय थांबते याची यादी गाडीमालकाच्या अपेक्षेपेक्षा लांब निघते. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टवर चालतात हे उघड दिसते. परंतु गॅसवर चालणारा फ्रिजदेखील आपल्या नियंत्रक पाटीसाठी १२ व्होल्टच मागतो, गॅसगळती हेरणारे उपकरण त्याच तारेवर असते, आणि हिवाळ्यात घर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा पंखाही त्याच विजेवर फिरतो. या भट्टीत हवेच्या झोताने सरकणारी एक पातळ पट्टी असते, आणि पंखा पुरेशा वेगाने फिरून तिने आपला स्विच दाबल्याखेरीज भट्टी गॅस पेटवत नाही. म्हणून व्होल्टेज खाली आले की पंखा मंद फिरतो, पट्टी सरकत नाही, आणि टाकी गॅसने भरलेली असूनही घर गार राहते. दोष भट्टीत शोधला जातो, तो असतो मात्र दोन खण पलीकडे पलंगाखाली बसवलेल्या डब्यात, किंवा त्या डब्यापासून बॅटरीपर्यंत जाणाऱ्या तारेत.

जुन्या गाड्यांचा प्रश्न निराळा का ठरतो, हे समजण्यासाठी त्या काळच्या कन्व्हर्टरची घडण पाहावी लागते. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात जीएमसी मोटरहोम बनवले. पुढच्या चाकांना ताकद देणारे, बसक्या बांध्याचे हे वाहन आजही हौशी लोक जतन करून वापरतात, आणि त्याच्या मूळ कन्व्हर्टरला ते ‘बझ बॉक्स’ म्हणतात, कारण तो चालू असताना सतत गुणगुणतो. ही गुणगुण म्हणजे बिघाड नव्हे, तो त्याच्या जातीचा गुण आहे. या जातीच्या पेट्यांत फेरोरेझोनंट रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असे. त्याच्या एका गुंडाळीला कपॅसिटर जोडून अनुस्पंदन साधलेले असते, आणि लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ तुडुंब भरलेल्या अवस्थेत, म्हणजे संपृक्ततेत, ठेवलेला असतो. त्यामुळे येणारे व्होल्टेज थोडे कमीजास्त झाले तरी निघणारे फारसे हलत नाही. स्थिर व्होल्टेज देणाऱ्या अशा रोहित्राची कल्पना जोसेफ सोला यांनी १९३८ मध्ये पुढे आणली. त्यात ट्रान्झिस्टर नाही, सर्किटची पाटी नाही, बिघडण्यासारखे फार काही नाही, आणि म्हणूनच यांतील कित्येक पेट्या चाळीस-चाळीस वर्षे चालल्या. त्यांच्या टिकाऊपणाबद्दल आदर बाळगूनही हे म्हणणे भाग आहे की टिकणे आणि काम चांगले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या रोहित्राची एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते येणाऱ्या व्होल्टेजची फिकीर करत नाही, परंतु वारंवारतेला, म्हणजे एसी धारा सेकंदाला जितकी आवर्तने करते त्या संख्येला, पक्के बांधलेले असते. वारंवारता एक टक्का घसरली तर निघणारे व्होल्टेज सुमारे दीड टक्का घसरते. चार ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला १८०० फेरे घेतो तेव्हा ६० हर्ट्झ देतो. जुन्या जनरेटरचा वेग राखणारा गव्हर्नर ढिला पडून फेरे १७१० वर आले तर वारंवारता ५७ हर्ट्झ होते, आणि १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर १२.८ च्या आसपास येऊन थांबतो; म्हणजे जनरेटर तासन्‌तास धडधडत राहतो, पेट्रोल जळते, आणि बॅटरीत जवळजवळ काहीच शिरत नाही. अशा वेळी कन्व्हर्टर ‘गेला’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे घड्याळ मागे पडले म्हणून सूर्याला दोष देण्यासारखे आहे. भारतात आणलेल्या अमेरिकी गाडीच्या बाबतीत हीच खोड अधिक नडते, कारण २३० व्होल्टचे १२० व्होल्ट करणारे साधे रोहित्र बाजारात मिळते, पण ते ५० हर्ट्झचे ६० करून देत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर येथे ज्या गाड्यांची चर्चा होते त्या मुळातच २३० व्होल्टसाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांना हा पेच पडत नाही.

जुन्या रचनेतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचे मूळ तीत आहे. त्या काळच्या अनेक कन्व्हर्टरना दोन वेगळे मार्ग असत : एक घरातल्या दिव्यापंख्यांकडे जाणारा आणि दुसरा बॅटरीकडे जाणारा. तळावरची केबल जोडली की आतला रिले, म्हणजे आपोआप मार्ग बदलणारा स्विच, ‘खट्’ असा आवाज करून घराचा सारा भार बॅटरीवरून काढून कन्व्हर्टरवर घेई. बॅटरीला मात्र एका छोट्या उपमार्गाने थोडेसे अँपियर तेवढे मिळत. घराकडे जाणारी डीसीही गुळगुळीत नसे. ती सेकंदाला १२० वेळा वरखाली होणारी असे, आणि तापलेल्या तारेने उजळणाऱ्या दिव्याला तिचे काही वाटत नसले तरी रेडिओत ती घरघर होऊन ऐकू येई. आजचे एलईडी दिवे आणि फ्रिजच्या नियंत्रक पाट्या अशा धारेवर लुकलुकतात किंवा विचित्र वागतात. थोडक्यात, मूळ रचनाकाराने बॅटरीला एका तळावरून दुसऱ्या तळावर जाईपर्यंतची शिदोरी मानले होते. जंगलात, वाळवंटात, केबलशिवाय चार-चार दिवस राहणारा प्रवासी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता.

याची किंमत बॅटरीने मोजली. शिसे-आम्ल बॅटरीला (म्हणजे नेहमीच्या, डिस्टिल्ड वॉटर घालाव्या लागणाऱ्या बॅटरीला) चार्जिंगचे टप्पे लागतात : रिकामी असताना भरपूर धारा, मग काही तास १४.४ व्होल्टच्या आसपासचा स्थिर दाब, आणि भरल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टचा हलका आधार. जुना कन्व्हर्टर या सगळ्यांच्या मधला एकच आकडा, बहुधा १३.८, धरून बसे. हा आकडा बॅटरी लवकर भरण्यासाठी अपुरा आणि महिनोन्‌महिने जोडून ठेवण्यासाठी जास्त, असा दोन्हीकडून गैरसोयीचा आहे. अपुऱ्या चार्जिंगमुळे पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि बॅटरीची धारणशक्ती घटते. उलट उन्हाळाभर अंगणात जोडून ठेवलेल्या गाडीत पाणी हळूहळू वायू होऊन उडून जाते, पट्ट्या उघड्या पडतात, आणि मालक झाकण उघडून पाहतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात तापमानाचा प्रश्न वेगळाच : १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की चार्जिंगचे व्होल्टेज सुमारे २५ ते ३० मिलिव्होल्टने कमी हवे असते, आणि ॲरिझोनातल्या उन्हाळ्यात तापलेल्या बॅटरीच्या कप्प्यात ठरीव १३.८ हा आकडा पाणी उडवण्याचेच काम करतो.

तथापि बदलाचा विचार करण्याआधी कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला आहे काय, हे ठरवणे आवश्यक आहे, आणि बहुतेक पैसा येथेच वाया जातो. तपासणीला एक साधा मल्टिमीटर पुरतो. केबल काढून, दिवे बंद करून, काही तास शांत ठेवलेल्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास अर्धी, आणि १२ च्या खाली ती उपाशी आहे; १०.५ च्या जवळ अडून बसली असेल तर सहांपैकी एक सेल मेल्याची शंका घ्यावी, कारण प्रत्येक सेल दोन व्होल्टहून थोडे अधिक देतो, आणि अशी बॅटरी चांगल्या कन्व्हर्टरलाही खाली ओढून निकामी भासवते. त्यानंतर केबल जोडून त्याच टोकांवर पुन्हा मोजावे. आकडा १३.२ च्या वर चढला तर कन्व्हर्टर काम करतो आहे आणि दोष इतरत्र आहे. आकडा हललाच नाही तर मोजणी कन्व्हर्टरच्या स्वतःच्या टोकांवर न्यावी, आणि येथेच खरा उलगडा होतो : डब्यापाशी १३.८ आणि बॅटरीपाशी १२.३ दिसत असेल तर डबा निर्दोष आहे, वाट अडली आहे.

वाट अडण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. फ्यूजच्या पाटीवर बहुधा एका कोपऱ्यात, बाकीच्यांपासून थोडे वेगळे, ३० किंवा ४० अँपियरचे दोन फ्यूज शेजारी शेजारी असतात. बॅटरी बदलताना तारा क्षणभर जरी उलट लागल्या तरी हे फ्यूज स्वतः जळून बाकीच्याला वाचवतात, आणि ठिणगी उडाल्याचे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पुढे बॅटरीच्या जवळ, चासीवर स्क्रूने बसवलेला, चिखलाने माखलेला, आपोआप तुटणारा-जुळणारा एक छोटा ब्रेकर असतो. त्याच्या दोन टोकांमध्ये चालू भारात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला की तो बदलावा. दरवाजाजवळच्या ‘बॅटरी डिस्कनेक्ट’ या स्विचने चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने जोडणारा मोठा रिले, आतून काळवंडतो. आणि बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीला गेलेला जोड गंजतो. त्याकडे तर कोणी पाहतच नाही, कारण सगळ्यांचे लक्ष लाल तारेवर असते. या सर्व ठिकाणी निर्दोष आढळले, कन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या बाजूला ११० ते १२० व्होल्ट एसी मिळते आहे, आणि तरीही बाहेर काही निघत नाही, असे झाले तरच डबा गेला असे म्हणता येते. जुना फेरोरेझोनंट कन्व्हर्टर बॅटरीशिवाय मोजला तर मीटर भलतेच आकडे दाखवू शकतो, कारण त्याच्या उबडखाबड धारेला गुळगुळीत करण्याचे काम बॅटरीच करत असते. म्हणून त्याची मोजणी चांगली बॅटरी जोडूनच करावी.

कन्व्हर्टर मरतो कशाने, या प्रश्नाची उत्तरे अनेक असली तरी एक कारण खास अमेरिकी आहे. ३० अँपियरच्या मोटरहोमसाठी लागणारा टीटी-३० हा सॉकेट १२० व्होल्टचा असतो, परंतु ३० अँपियरचा तीन पिनांचा सॉकेट म्हटले की तिथल्या इलेक्ट्रिशियनला कपडे वाळवण्याच्या यंत्राचा २४० व्होल्टचा सॉकेट आठवतो. गाडी घरी उभी करण्यासाठी मालक हौसेने सॉकेट बसवून घेतो, इलेक्ट्रिशियन सवयीने दोन्ही फेज जोडतो, आणि पहिल्याच जोडणीत कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिजची पाटी यांचा एकत्रित अंत होतो. मोठ्या, ५० अँपियरच्या गाड्यांत दोन फेज आणि एक न्यूट्रल असतो. तळावरच्या खांबात न्यूट्रल तुटला तर एका बाजूचे व्होल्टेज चढते आणि दुसरीकडचे पडते. न्यूट्रल गेल्यावर आळीतले निम्मे टीव्ही जळाल्याच्या कथा ज्या गावांत प्रत्येकाला ठाऊक आहेत, तेथील वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणूनच नवा कन्व्हर्टर बसवण्यापूर्वी ज्या सॉकेटवर जुना गेला तो सॉकेट मोजणे, हे कामाचे पहिले पाऊल मानले पाहिजे.

आता प्रत्यक्ष बदलाचे मार्ग. जुन्या पेटीची दुरुस्ती शक्य असते, कारण तिच्यातले रिले, डायोड आणि कपॅसिटर बदलता येतात. परंतु गाडी प्रदर्शनासाठी मूळ स्वरूपात राखायची असेल तरच हा खटाटोप सार्थ ठरतो, एरवी दुरुस्तीनंतर हाती येते ते तेच १३.८ व्होल्ट. दुसरा मार्ग म्हणजे पेटारा, ब्रेकर आणि फ्यूजची पाटी जागेवर ठेवून पेटाऱ्याचा फक्त खालचा भाग बदलणे. मॅग्नेटेकच्या ६३०० मालिकेसारखे पेटारे इतक्या गाड्यांत बसले होते की त्यांच्या मापाचे बदली संच मिशिगनच्या मार्शल गावातील प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्ससारख्या उत्पादकांनी तयार केले. तारा बहुतांशी तिथेच राहतात आणि काम अर्ध्या दिवसात आटोपते. तिसरा मार्ग स्वतंत्र, सुटा कन्व्हर्टर आणून तो बॅटरीच्या जवळ कोठेतरी बसवण्याचा. यात जुन्या पेटाऱ्यातले रोहित्र काढून टाकले जाते आणि पेटारा केवळ वीज वाटपाचे काम करत राहतो. चौथा मार्ग इन्व्हर्टर आणि चार्जर एकत्र असलेले महागडे यंत्र बसवण्याचा आहे, आणि तो सौर पट्ट्या व मोठ्या बॅटऱ्या घेणाऱ्यांनाच शोभतो. गॅरेजमधला मोटारींचा साधा चार्जर बॅटरीला लावून वेळ मारून नेणे ही तात्पुरती सोय आहे, आणि तेवढीच मानावी. तो घराचा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

या मार्गांमध्ये जुन्या मोटरहोमसाठी तिसरा, म्हणजे सुटा कन्व्हर्टर बॅटरीजवळ बसवण्याचा मार्ग, बहुतेक वेळा श्रेष्ठ ठरतो, आणि त्याचे कारण डब्यात नसून तारेच्या लांबीत आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा पेटारा गाडीच्या मागच्या बाजूला आहे, बॅटरी पायरीखाली, आणि दोहोंमधली तार ६ मीटर. धारेला जाऊन परत यायचे असते, म्हणून हिशेबाची लांबी १२ मीटर. मूळ रचनेत ८ गेजची, म्हणजे ८.४ चौरस मिलिमीटरची तार असेल (अमेरिकी गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी तार जाड), तर ४५ अँपियर धारेला तिच्यात सुमारे १.१ व्होल्ट गमवावे लागतात. नवा, हुशार कन्व्हर्टर १४.४ व्होल्ट देतो आणि बॅटरीला पोहोचतात १३.३, म्हणजे पैसे टप्प्याटप्प्याने चार्ज करणाऱ्या यंत्राचे आणि बॅटरीपाशी आकडा जुन्या पेटीच्या १३.८ पेक्षाही कमी. तार ६ गेजची, १३.३ चौरस मिलिमीटरची केली तर तूट ०.७ वर येते. ४ गेज, २१ चौरस मिलिमीटर केली तर ०.४४, आणि कन्व्हर्टरच उचलून बॅटरीपासून दीड मीटरवर नेला तर ६ गेजच्या तारेतही ही तूट ०.२ च्या आत राहते. बॅटरी भरत येते तशी धारा कमी होते आणि तूटही आक्रसते, हे खरे. पण केबलशिवाय राहणाऱ्याला जनरेटरच्या पहिल्या दोन तासांतच जास्तीत जास्त भरून हवे असते, आणि नेमक्या त्याच वेळी ही तूट सर्वाधिक असते.

आकार निवडतानाही अधिक ते उत्तम हा नियम येथे लागू पडत नाही. शिसे-आम्ल बॅटरीला तिच्या अँपियर-तासांच्या साधारण १० ते २५ टक्के धारा मानवते. गोल्फगाडीच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्टचे सुमारे २२० अँपियर-तास होतात, आणि त्यांना ४५ अँपियरचा कन्व्हर्टर व्यवस्थित पुरतो. याच आकाराचा कन्व्हर्टर पूर्ण भाराने चालताना सुमारे ६३० वॉट डीसी देतो. उष्णतेत जाणारी वीज आणि अशा यंत्रांचा खालावलेला पॉवर फॅक्टर धरला तर १२० व्होल्टच्या बाजूला नऊ अँपियरच्या आसपास ओढ बसते. त्याच १५ अँपियरच्या ब्रेकरवर कोणी मायक्रोवेव्ह जोडून ठेवला असेल तर तो रोज पडेल. दोन हजार वॉटचा म्हणून विकला जाणारा पण सतत १६०० वॉटच देणारा छोटा जनरेटर हा कन्व्हर्टर आरामात पेलतो, परंतु ८० अँपियरच्या कन्व्हर्टरसोबत कॉफीचे यंत्र लावले की धापा टाकू लागतो.

जोडणीच्या कामात अननुभवी हात सर्वाधिक फसतो तो तारांच्या रंगांत. अमेरिकी एसी जोडणीत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी अर्थिंगची असते; भारतात काळी न्यूट्रलची असते, म्हणून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या आणि घरची छोटीमोठी दुरुस्ती स्वतः करणाऱ्या मराठी माणसाचा हात सवयीने काळ्या तारेला निरुपद्रवी समजतो, आणि ही सवय जिवावर बेतू शकते. गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. मोटारीच्या १२ व्होल्टच्या जोडणीत काळी तार ऋण असते असा सर्वत्र समज आहे, पण अनेक जुन्या मोटरहोमांत आणि ट्रेलरांत डीसीच्या बाजूला पांढरी तार ऋण आणि काळी धन आढळते; त्यामुळे एकाच पेटाऱ्यात दोन काळ्या तारा शेजारी शेजारी असतात, एक १२० व्होल्टची आणि एक १२ व्होल्टची. रंगावर विश्वास न ठेवता केबल काढून, जनरेटर बंद करून, बॅटरीचे ऋण टोक सोडवून प्रत्येक तार मीटरने ओळखावी आणि सोडवण्याआधी तिच्यावर चिकटपट्टीचे लेबल लावावे, याला पर्याय नाही. जुन्या दोनमार्गी कन्व्हर्टरमधून निघालेल्या घराच्या आणि बॅटरीच्या दोन वेगळ्या धन तारा नव्या एकमार्गी यंत्रावर एकत्र आणाव्या लागतात. त्या एकत्र न आणता एक मोकळी सोडली तर केबल जोडलेली असताना सारे दिवे लागतात आणि बॅटरी मात्र उपाशी राहते, किंवा केबल काढताच घर अंधारात जाते.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील ५५१ वे कलम अशा वाहनांसाठीच आहे, आणि या कामात तीन गोष्टी पाळायच्या असतात. कन्व्हर्टरची धातूची पेटी किमान ८ गेजच्या तांब्याच्या तारेने चासीला जोडलेली हवी. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर संरक्षक फ्यूज किंवा ब्रेकर ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. आणि गाडीच्या पेटाऱ्यात न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडू नयेत, कारण त्यांचा जोड तळावरच्या पुरवठ्यात असतो आणि गाडीत तो पुन्हा केला तर न्यूट्रलची धारा गाडीच्या अंगावरून वाहू लागते. जागेच्या निवडीत बॅटरीजवळ म्हणजे बॅटरीच्या कप्प्यात असा अर्थ मात्र घेऊ नये. चार्ज होणारी शिसे-आम्ल बॅटरी हायड्रोजन सोडते, आम्लाची वाफ तांबे खाते, आणि कन्व्हर्टरमध्ये ठिणगी उडू शकते. त्यामुळे भिंतीच्या पलीकडचा, कोरडा, गॅसच्या सिलिंडरांपासून वेगळा आणि पंख्याला हवा मिळेल असा कप्पा निवडावा. जुनी पेटी गुणगुणत असे, नवी अधूनमधून फुरफुरते. पलंगाखाली बसवण्यापूर्वी याचाही विचार झालेला बरा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांनी या प्रश्नाला अलीकडे नवे वळण दिले आहे. त्यांना १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, भरल्यावर त्या १३.३ च्या आसपास स्थिरावतात, आणि शून्य अंश सेल्सियसच्या खाली त्यांना चार्ज करता येत नाही. जुन्या १३.८ च्या पेटीने त्या हळूहळू भरत राहतात, पण पूर्ण भरून सेल समतोल होण्याइतके व्होल्टेज त्यांना मिळत नाही. याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे : लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती कन्व्हर्टरकडून मिळेल तेवढी धारा तासन्‌तास पूर्ण भाराने ओढत राहते, जे शिसे-आम्ल बॅटरी कधी करत नसे. त्यामुळे बारीक तारा, तारांच्या टोकांचे जुने लग आणि दाबून बसवलेले ढिले जोड (क्रिंप), जे आजवर निभावून गेले, ते आता तापतात. गाडीच्या इंजिनाच्या आल्टरनेटरवरही असाच भार येतो, म्हणून इंजिन आणि घराच्या बॅटऱ्यांना जोडणाऱ्या जुन्या रिलेच्या जागी धारा मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो. कन्व्हर्टरच्या निमित्ताने लिथियमचा विचार करणाऱ्याने हा सारा खर्च एकाच वहीत मांडावा. सुटा कन्व्हर्टर दोन-तीनशे डॉलरांत येतो, परंतु तो या हिशेबातली लहान रक्कम ठरते.

जोडणी झाल्यावरची परीक्षा पहिल्या दिवसापुरती नसते. बॅटरी मुद्दाम अर्धी रिकामी करून केबल जोडली तर थोड्याच वेळात तिच्या टोकांवर १४ व्होल्टच्या वर आकडा दिसावा, तारेच्या प्रत्येक जोडाला हात लावून तो कोमटच आहे याची खात्री करावी, आणि दुसऱ्या दिवशी आकडा १३.६ वर उतरलेला असावा. काही यंत्रे दिवसभराहून अधिक काळ भार पडला नाही की १३.२ वर जातात आणि नंतर दर २१ तासांनी पंधरा मिनिटे १४.४ वर चढून आम्ल ढवळतात. त्या पंधरा मिनिटांत मीटर लावणाऱ्याला यंत्र बिघडल्याचा भास होतो. काढलेल्या जुन्या पेटीचे काय करायचे हेही ठरवावे लागते. तिच्यातला कपॅसिटर वीज गेल्यावरही दाब धरून ठेवतो, म्हणून त्याची टोके रोधकाने मोकळी केल्याशिवाय त्याला हात लावू नये. अमेरिकेत पीसीबी या विषारी तेलाच्या निर्मितीवर १९७९ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या पेटीतल्या तेलभरल्या कपॅसिटरवर ‘पीसीबी नाही’ असा शिक्का नसेल आणि त्याची कड फुगलेली किंवा तेलकट असेल, तर तांब्याच्या लोभाने पेटी भंगारात फोडायला न देता तो कपॅसिटर घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच जमा करावा लागतो.